रिकामी सोडलेली जागा

आई,
तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

दवाखान्याच्या डेटाबेसमध्ये मी नियम घातला होता: पेशंटचा नंबर म्हणजे आधी दोन अक्षरं, मग चार आकडे. तरी बिननंबरी पेशंट आत घुसत होते. कुणाचा रिपोर्ट कुणाला जाईल, याची धास्ती! डोकं खाजवून खाजवून आज कळलं, चुकीचं लिहिलं तर नियम अडवतो, पण काहीच लिहिलं नाही तर मुकाट सोडतो. 'रिकामं चालणार नाही' असंही बजावलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तुझ्या पत्रात नवे पडदे आहेत, मांजरीची पिल्लं आहेत. बाबांच्या खोकल्याबद्दल एक अक्षर नाही. मी काही त्या नियमाइतकी भोळी नाही हं. बाबा खरंच कसे आहेत?

तुझं शेंडेफळ