आठवड्याची सुई

९ नोव्हेंबर, रविवार

आज रेशनच्या दुकानातल्या काट्यावर चढले. घरातला काटा माझ्याखाली खरं बोलत नाही. दुकानदाराने तांदळाचं पोतं उतरवलं आणि मी चढले. सत्त्याण्णव किलो चारशे ग्रॅम. रांगेत चार बायका होत्या. एकीने तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "हसायचं तर मोठ्याने हस गो, मला पन ऐकू येऊ दे." 

एकतीस वर्षं शेणव्याच्या अंगणवाडीत पोरांची वजनं केली. पोर झोळीत टांगायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचं. कोणाचाही आकडा वाचताना मी हसले नाही. निवृत्त झाले त्या दिवशी सत्कारात मलाच म्हणाले, बाई, गावच्या पोरांचा खाऊ तुम्हालाच लागला. टाळ्या पडल्या त्यावर. मी पण हसले होते. आज वाटतं, कशाला हसले.

कल्याणचे हाडांचे डॉक्टर म्हणतात दोन्ही गुडघे बदलायचे, पण वजन आधी पंच्याऐंशीच्या खाली आणा. साखर आहे, त्यात एवढी चरबी, असं ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. इथल्या डॉक्टरला विचारलं, कसं आणू? म्हणे रोज तासभर चाला. चालता येत असतं तर यांच्या दारात कशाला आले असते?

१२ नोव्हेंबर

रत्नाने फोनवर शोधून काढलं. रत्ना म्हणजे माझी नात संघरत्ना, माझ्या मुलाची, रूपेशची मुलगी. बारावीला आहे, शहापूरच्या कॉलेजात. आठवड्यातून एकदा पोटावर सुई घ्यायची, भूक कमी होते, साखरही उतरते. डॉक्टर व्हिडिओवर बघतो, चिठ्ठी देतो, औषध बर्फाच्या पिशवीत घालून घरी येतं.

रूपेश भातसानगरहून ड्युटी करून आला तेव्हा सांगितलं. पहिलं वाक्य, "आई, फसवतील तुला." दुसरं, "आनि या वयात कोनाला दाखवायचंय?"

"संडासात बसून उठायचंय मला. ते कोनाला दाखवायचं नसतं."

 पैसे माझ्या निवृत्तीचे, गुडघे माझे. त्याची परवानगी मागितली नव्हती, सांगितलं फक्त.

१६ नोव्हेंबर

व्हिडिओवरचा डॉक्टर झाला बघून. घरात रेंज नाही म्हणून शाळेच्या ओट्यावर खुर्ची टाकली. फोन रत्नाने धरला. समोर तिशीतला मुलगा, कानात हेडफोन. वय, वजन, साखर, कोणती गोळी चालू, घरात कोणाला गळ्यातल्या ग्रंथीचा कॅन्सर. वाचून विचारत होता, मान वर न करता. मी म्हटलं, साहेब, गुडघे बघता का, फोन खाली धरते. "गरज नाही आजी."

चार मिनिटं. मी खुर्चीतून उठायच्या आत चिठ्ठी आली पण. आम्ही एखाद्या पोराला कुपोषित लिहायच्या आधी दोनदा वजन करायचो, आईला विचारायचो, परत दुसऱ्या दिवशी जायचो. असो. मला हवं ते मिळालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पहिली सुई. पेनासारखं आहे, मागचं चाक फिरवायचं. रत्नाने फिरवलं, मी टोचून घेतलं. डासापेक्षा कमी.

मनालीला — सुनेला — फ्रिजमध्ये दह्याशेजारी ते नको होतं. मी म्हटलं दही हलव. तिने हलवलं. मग भाकऱ्या थापताना म्हणाली, "आई, रत्ना पन तुमच्याच अंगावर गेलीय. तुमचं बघून तिला तरी कळेल." रत्ना तिथेच कांदा चिरत होती. मी म्हटलं, माझ्या अंगावर गेली म्हणजे दणकट आहे. संपला विषय.

३० नोव्हेंबर

दोन दिवस मळमळ. सुकट भाजलेली तर वासानेच बाहेर पळाले. पळाले म्हणजे काय, भिंत धरून गेले.

६ डिसेंबर

सगळे दादरला गेले. मी गुडघ्यांमुळे गेले नाही, हे चौथं वर्ष. विहारात मेणबत्ती लावली. अर्धी भाकरी खाल्ली आणि पोट भरलं. खरंच भरलं! आयुष्यात पहिल्यांदा ताटात काहीतरी उरलं आणि मला त्याची आठवण राहिली नाही.

११ डिसेंबर

जना आली होती. अंगणवाडीत वीस वर्षं माझी मदतनीस. म्हणते गावात बोलतात, सोनूबाई नट्यांची इंजेक्शनं घेते.

"मग नट्यांसारखी दिसते का?"

"नाय."

"मग काय बोलायचंय त्यांना."

जना हसून हसून खोकली. पण जाताना हळूच म्हणाली, जपून हो बाई, आपन पोरांना डोस द्यायचो तेव्हा डॉक्टर शेजारी असायचा. म्हटलं, जपते.

२८ डिसेंबर

त्र्याण्णव. रेशन दुकानदाराने स्वतःहून पोतं उतरवलं, न सांगता.

औषध मागवणं, डॉक्टरची वेळ घेणं, पैसे भरणं, सगळं रत्नाकडे दिलं. पिन पण सांगितला. बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात, ते पण तीच वाचते. "तू फक्त सुई घे आजी, बाकीचं मी बघते." घरात एवढी एकच आहे जिने मला या वयात कशाला असं विचारलं नाही.

४ जानेवारी, रविवार

म्हसा गावच्या जत्रेला गेले! जनाच्या भाच्याची रिक्षा होती. तीन ठिकाणी बसून बसून का होईना, पण घोंगड्यांच्या दुकानांपासून बैलांपर्यंत आपल्या पायांनी गेले. रूपेश म्हणाला होता, वाटेत पडशील. घोंगडी आणली त्याच्यासाठी. त्याच्या खाटेवर ठेवली.

खाजा आणला. मी एक तुकडा खाल्ला. रत्नाने हात लावला नाही, परीक्षा जवळ आली, गोड खाल्लं की झोप येते म्हणे.

२५ जानेवारी

या वेळी दुसरीच डॉक्टर, बाई होत्या. डोस वाढवला. बद्धकोष्ठ आहे म्हटलं तर पाणी प्या म्हणाल्या. भातसा धरणाच्या कुशीत राहते मी, आमचं पाणी मुंबई पिते, आता मी पण पिते.

रूपेश अजून तेच. परवा म्हणाला, बंद केलंस की परत फुगशील. मी म्हटलं, तू तंबाखू सोडून परत किती वेळा धरलीस? मनाली चुलीमागे हसली. ती माझ्या बाजूने हसली असं मला वाटलं.

१५ फेब्रुवारी

एकोणनव्वद. फ्रिजमध्ये दोन पेनं दिसली. रत्नाला विचारलं. पुढच्या महिन्याचं आधीच मागवलं, संपलं तर पंचाईत नको. शहाणी आहे. तिच्याच वयात मी लग्न होऊन या घरात आले, मला पोस्टात कार्ड टाकता येत नव्हतं.

३ मार्च

रत्नाची परीक्षा चालू. जेवत नाही नीट. मनाली ओरडते, मी म्हटलं ओरडू नको, टेन्शन असतं. मी लग्नानंतर दहावी दिली, तेव्हा मला तरी कुठे घास उतरत होता.

आज ती माझ्या मागे उभी राहून आरशात बघत होती. मी जुना ब्लाउज घालून बघत होते, दंडात अडकायचा तो आता सैल होतो. म्हटलं, बघ रत्ना, सुई घेतली की कसं उतरतं, लोकांची तोंडं आपोआप बंद. ती म्हणाली, "हो ना आजी. कालपर्यंत हसायचे तेच आता विचारतात, काय करता म्हणून."

मी विचारलं, तुला कोण हसतं?

"मला नाय गो. तुला."

१८ मार्च

परीक्षा संपली. पोर दिवसभर झोपून. संध्याकाळी उलटी झाली. काल पेपर देऊन येताना गाडी लागली, त्याचंच म्हणे. लिंबू दिलं.

५ एप्रिल, रविवार

चौऱ्याऐंशी किलो सातशे!

कल्याणच्या डॉक्टरला फोन केला. म्हणाले या, तारीख देतो, पण आता दुखतंय किती? मी विचार केला. उकिडवं बसता येत नाही, पण जिना चढते. म्हटलं, अर्धं. ते म्हणाले मग घाई कशाला, सहा महिने बघू. फोन ठेवून मी आधी रडले आणि मग रेशनच्या दुकानात जाऊन त्या चार बायकांपैकी जी भेटली तिला सांगितलं. तिने माझा हात धरला. तिचे पण गुडघे दुखतात, सांगायची लाज वाटते म्हणाली. मी म्हटलं, लाज कसली, उद्या घरी ये.

१४ एप्रिल, मंगळवार

शहापूरची मिरवणूक पूर्ण चालले. सुरुवातीपासून पुतळ्यापर्यंत. पांढरी साडी, निळा फेटा. पाच वर्षं मी जीपमध्ये बसून गेले होते, म्हाताऱ्या बायकांच्या जीपमध्ये. या वर्षी जीपवाल्याने हाक मारली, "सोनूबाई, चढा." मी नुसता हात हलवला.

बाजाराच्या वळणावर रत्ना एका दुकानाच्या पायरीवर बसली. तोंड पांढरं फटक. म्हणाली ऊन लागलं, तू हो पुढे. मी बाटली दिली, मनालीला तिच्याजवळ थांबवलं आणि पुढे झाले. ढोल वाजत होते. आज मी कोणासाठी थांबणार नव्हते.

रूपेश पुतळ्याजवळ उभा होता. मला येताना बघितलं आणि गर्दीतून वाट करत आला. माझ्या फेट्याचं सुटलेलं टोक खोचून दिलं. बस. मला तेवढं पुरे.

१७ एप्रिल

दुपारी माझा फोन वाजला. तोच पहिला हेडफोनवाला डॉक्टर. मला वाटलं माझ्या डोसचं विचारणार.

"आजी, संघरत्ना मॅडमना द्या. वय तेवीस, वजन एक्याऐंशी, तीन महिने झाले ना त्यांना सुई सुरू करून. आधी त्यांचा कॅमेरा चालत नव्हता, आज चालू ठेवायला सांगा."

मी म्हटलं, "ती सतरा वर्षांची आहे. आणि एक्याऐंशी किलोची ती कधीच नव्हती."

तो काहीतरी बोलत होता. रत्ना दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. मी फोन पालथा ठेवला, तिला ओढून जवळ बसवलं. उन्हाळ्याच्या दिवसांत ही पूर्ण बाह्यांचा ड्रेस का घालते, हे मी महिनाभर विचारलं नव्हतं. बाही वर केली आणि दंड मुठीत धरला. माझी बोटं एकमेकांना टेकायला नखाएवढं अंतर राहिलं.