चार चाकांचे पैसे

आबा, तुमची जीप अजून अंगणात उभी आहे. रोज सकाळी केर काढताना तिलाच वळसा घालावा लागतो, म्हणून रोज सकाळी तुमच्यावर चिडते.

पावसची बाग कातळावर, चढण खडी. फोर-व्हीलची मोठी गाडी हवीच होती, इथपर्यंत तुमचं बरोबर. आंब्याच्या पेट्या भरून ती चिखलातनं वर चढायची तेव्हा मीच नाचायचे. पण डांबरी रस्ता लागला की पुढच्या चाकांची लॉकं सोडायची असतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तुम्ही कधी सोडलीत? पुढचे टायर गुळगुळीत झालेले बघून मिरजोळ्याचा मेस्त्री हात जोडून म्हणाला, "काका, डांबरावर दोनच चाकं ओढू देत. डिझेल पिते ती अशानं, आणि उद्या गिअरबॉक्स खाईल." तर तुम्ही त्यालाच दरडावताय, "पैसे चार चाकांचे मोजलेत मी! दोन काय शोभेला ठेवू?" मी मधे बोलले तर, "गप गो बाय, तू चुलीकडे बघ." चुलीकडेच बघत होते ना मी! त्या वर्षी नव्या टायरांपायी रांधपघराची कौलं बदलायची राहिली. आई भाताच्या टोपावर सूप धरून गळतीखाली उभी, आणि तुम्ही भाट्याकडच्या उतारावर इंजिन बंद करून मला सांगताय, "बघ, कसं डिझेल वाचवलं!"

तुम्ही गेलात आणि वर्षभरात गिअरबॉक्सही गेला. मेस्त्रीने आतले तुटके दाते काढून माझ्या हातावर ठेवले. आता मीच चालवते. डांबराला लागले की उतरून, पदर खोचून, लॉकं सोडते. तरी पितेच. आज स्प्रिंगचे पाटे, उद्या पंप, परवा आणखी काही. गाडी घेताना एकदाच दुखतं आबा, पाळताना रोज दुखतं. म्हणून ठरवलं, विकायची आणि छोटा टेम्पो घ्यायचा. घरात सगळ्यांना तसं सांगूनही टाकलं.

काल लांज्याकडचं गिऱ्हाईक आलं. भला माणूस, बागवालाच. बॉनेट उघडून खूश झाला. विचारतो, "काकी, अ‍ॅव्हरेज काय देते?"

हे पत्र टपालात टाकायचं तर कुठल्या पत्त्यावर? जीपच्या खणात, तुमच्या काडेपेटीखाली सारून ठेवते. गाडी विकताना माणसं आकडा चढवून सांगतात. ती लिटरला नऊ देते, मी पाच म्हटलं. तो चहासुद्धा न घेता गेला.