स्लिपर क्लच अन् काळं कुत्रं

बाबा, काल तुमच्या नातीच्या गाडीले मी स्लिपर क्लच बसवला. तुमच्या हयातीत असा क्लच आपल्या मारेगावात कोणी पाह्यला नव्हता, म्हणून लिवून राह्यले. तुमचा जवाई गेल्यावर मी तुमचंच गॅरेज पुन्हा उघडलं. औंदाबी कापूस बोंडअळीनं खाल्ला, नवी गाडी कोणी घेत नाही, जुन्याच दुरुस्त करून चालवतात, म्हणून माह्या हाताले काम हाये.

पोरगी नर्स हाये, गावोगाव गाडीवरच फिरते. मांगच्या हप्त्यात पांढरकवड्याकडच्या उतारावर पडली. कोपर सोलून घरी आली अन् म्हणते, "आई, कुत्रं आडवं आलं." मी इचारलं, "कोणत्या रंगाचं?" ती कोपरावर फुंकर मारत बसली. मले हसू आलं. आता गाडी नको म्हणाव, तर तिची नोकरी जाते.

तोच उतार, बाबा. तवा मी अठराची, हँडल माह्या हाती, तुमी मांगं. मी चौथ्या गियरातून एकदम दुसऱ्यात टाकते, क्लच झटक्यात सोडते, मांगचं चाक जाम होऊन उड्या मारते, अन् आपण दोघं नालीत. तुमचं मनगट मोडलं. मी म्हणलं, कुत्रं आलं. घरी मायनं झारा उगारला, "पोरीले गाडी शिकवाची हौस फिटली का?" तुमी म्हणले, "तिची काय चूक? एवढं मोठं काळं कुत्रं होतं." मी तर रंग सांगतलाच नव्हता.

हात प्लास्टरात, तरी तुमी गॅरेज चालू ठेवलं. तोंड तुमचं, हात माहे. मी क्लचच्या प्लेटा कोरड्याच बसवल्या तर खेकसले, "कोरडी प्लेट जळते, कवा कळन तुले?" मंग मायच्या कणकेच्या परातीत ऑईल टाकून भिजवल्या. माय दोन दिवस तुमच्याशी बोलली नाही. मले वाटते, तुमाले तेच पायजे होतं.

कालबी परातीतच भिजवल्या. आता परात माही, रागावणारं कोणी नाही. साइडचं कव्हर खोललं, जुना क्लच काढला, नवा बसवला. ह्याची गंमत अशी, गियर एकदम खाली टाकला अन् इंजिनानं चाकाले आवळलं, का हा मंधात थोडा घसरते, झटका सोताच्या अंगावर घेते. चाक जाम होत नाही. लिव्हर हलकं, दिवसभर दाबलं तरी बोटं दुखत नाही. चेनलेबी आराम.

मंग त्याच उतारावर गेलो. पोरगी पुढं, मी मांगं, जीव मुठीत. "टाक," म्हणलं. तिनं दुसरा टाकला. चाक सरळच राह्यलं. खाली गाडी थांबवून ती म्हणते, "आई, कुत्रं नव्हतं."

तिनं हप्त्याभरात सांगून टाकलं. तुमी जाईस्तोवर माह्या तोंडून निंगालं नाही, अन् तुमीबी कवा इचारलं नाही. हा कागद तुमच्या पान्या-पकडीच्या डब्यात ठेवते. माह्याबी वक्ती कुत्रं नव्हतं, बाबा.