‘तरीही’नंतरचं वाक्य

फादर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हाला काही विचारायचा हक्क मला उरलेला नाही. पण विचारायला दुसरं कुणी नाही. त्या शनिवारी तुम्ही ‘तरीही’ म्हणालात, त्याच्यापुढं काय म्हणालात?

विद्यापीठातल्या आपल्या कॅथलिक अभ्यास मंडळाची ती बैठक. खोलीतला पंखा वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करायचा. पुढं चार प्राध्यापक, मागं पडेगावाकडून आलेली आपली माणसं, त्यांत चर्चमध्ये वेदीवर फुलं ठेवणाऱ्या मावशी. तुमची मराठी शहागंजात भाजी घेण्यापुरती, म्हणून तुम्ही इंग्रजीत बोलायचात आणि मी शेजारी उभा राहून एकेक वाक्य मराठीत करायचो. एमएला होतो, आणि माझ्यावाचून तुमचं पान हलत नाही अशी माझी समजूत होती. विषय प्रार्थनेचा. तुम्ही चष्मा काढता, पुसता, आणि हवापाणी सांगावं तसं सांगता की दोन वर्षं झाली, मला प्रार्थना करता येत नाही.

हे मावशींना कसं सांगू? फादरलाच जमत नाही म्हटल्यावर त्या बाईनं कुणाच्या तोंडाकडं पाहायचं? मी म्हणालो, “फादर म्हणतात, आपण गप्प झालो की देव शेजारी येऊन बसतो.” कुठून सुचलं कोण जाणे. मागच्या रांगेत माना डोलल्या. तोवर तुम्ही पुढं गेला होतात. तुमच्या इंग्रजीतलं ‘तरीही’ एवढं कानावर आलं. नंतरची दोन-तीन वाक्यं मी माझ्याच हुशारीवर खूश होण्यात घालवली. त्यांच्या जागीही काहीतरी ठोकून दिलं.

परतताना औरंगपुऱ्यात चहा पिताना तुम्ही एवढंच विचारलंत, “माझं वाक्य छोटं होतं. तुझं लांब कसं झालं?” मराठीत लांबतंच फादर, म्हणालो. तुम्ही हसलात आणि आपल्या बशीतलं बिस्कीट माझ्याकडं सरकवलंत. तेव्हा खडसावलं असतंत, तर निदान पुढचं वाक्य मी तिथंच विचारून घेतलं असतं.

बायको जाऊन आठ महिने झाले. जपमाळ हातात घेतो, पहिल्या मण्यावर बोट ठेवतो आणि शब्दच येत नाहीत. आधी राग यायचा, आता तोही येत नाही. मातीच्या दिवशी ऐंशी पार केलेल्या मावशींनी कबरीपाशी माझा हात धरला. “फादर काय म्हनले व्हते, इसरला का बाबा? आपुन गप झालो का देव शेजारी येऊन बसतो.” त्यांचा तरणा लेक गेला तेव्हाही त्या ह्याच वाक्यावर तगल्या, हे मला तिथं कळलं. त्या तगल्या. मला मात्र ते वाक्य कुठून आलं ते ठाऊक आहे. मी आठ महिने गप्प आहे फादर, आणि खाटेची ती बाजू रिकामीच आहे.

आता मंडळाच्या पोरांनी येत्या शनिवारी मला व्याख्यानाला बोलावलंय. पत्रकावर ते वाक्य छापलंय, खाली तुमचं नाव. मी ते उलगडून सांगायचंय. खरं सांगितलं तर मावशींच्या हातातली काठी काढून घेतल्यासारखं होईल, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडं काही नाही. तुम्ही ती दोन वर्षं कशाच्या आधारावर काढलीत, ते त्या पुढच्या वाक्यात असणार. त्या खोलीत तुम्हाला सर्वांत जवळून ऐकणारा मीच होतो. रोज पहाटे ते आठवायला बसतो. पंख्याचा आवाज तेवढा आठवतो.

हे पत्र कबरीवर ठेवलं तर माळी पाचोळ्याबरोबर झाडून नेईल. वहीतच राहू दे. एक तेवढं सांगून टाकतो. काल चर्चमध्ये मिस्साची उपासना संपल्यावर मावशींनी दारातच अडवलं आणि हळू आवाजात विचारलं, “बसला का रं देव शेजारी?”

मी व्हय म्हणालो.