पाचवा चेहरा

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोचले एकदाची. गाडीवाले काका दोन तासांच्या रस्त्यात क्षणभरही गप्प बसले नाहीत. लग्न ठरलंय का, भावंडं किती, पक्ष्यांच्या मागे लागून पोट भरतं का, सगळं विचारून झालं. तिन्ही प्रश्नांना मी "बघू" म्हटल्यावर त्यांनी माझं नाव बघूताई ठेवून टाकलं. मला हसू आलं. कामावर पहिल्याच दिवशी मी सहसा हसत नाही.

केंद्र म्हणजे बंद पडलेल्या दगडाच्या खाणीच्या काठावरचा एक बैठा बंगला. चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागे साठ मीटर खोल कडा. त्या कड्याच्या कपारींत डोमकावळे राहतात. सध्या त्रेचाळीस, त्यांतल्या एकतीस जणांच्या पायात रंगीत कडी आहेत. कड्यावर सहा मायक्रोफोन लावले आहेत. त्यांच्या तारा माझ्या खोलीत येतात, आणि पक्ष्यांच्या हाका वेगळ्या करून त्यांची यादी बनवायची हे माझं काम. यंत्रं चांगली आहेत. दोन तारांची जोडणी मात्र कुणीतरी घाईघाईत केलेली दिसते.

माणसं दोनच. पक्षी अभ्यासणारे डॉक्टर, आणि त्यांचं घर सांभाळणारी थोरली बहीण. तिला सगळे ताई म्हणतात. ताईंनी दारातच माझ्या हातातली पेटी घेतली आणि किती वाळलीस गं पोरी, असं म्हणाल्या. आमची ही पहिलीच भेट होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

या पक्ष्यांबद्दल मी वाचलं होतं. प्रत्यक्षात ते वाचलेल्यापेक्षा वरचढ आहेत.

आज बारा नंबरच्या डोमकावळ्याला दोन मांसाचे तुकडे टाकले. एक त्याने खाल्ला. दुसरा पुरायला गेला तेव्हा शेजारच्या फांदीवरून सतरा नंबर बघत होता. बाराने खड्डा उकरला, चोच आत घातली, वर पाला सारला आणि उडून गेला. सतरा लगबगीने खाली आला. खड्डा रिकामा! तुकडा बाराच्या गळ्यातच होता आणि तो खडीच्या ढिगामागे निवांतपणे पुरत होता. कुणीतरी बघतंय हे कळणं वेगळं, आणि बघणाऱ्याला काय वाटेल याचा हिशेब करणं वेगळं. हा दुसरा हिशेब मलाही नीट जमत नाही.

आजवर त्यांच्या एकवीस हाका वेगळ्या केल्या. एक बाटलीतून पाणी पडल्यासारखी आहे, एक लाकडावर ठोकल्यासारखी. सतरा नंबर काकांच्या गाडीचा स्टार्टर हुबेहूब काढतो, तोही पहिल्या फटक्यात न लागणारा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज पायात कडी घालण्यासाठी तीन पक्षी पकडले. त्याची इथली पद्धत अशी: डोमकावळा चेहरा विसरत नाही. जो पकडतो त्याच्यावर वर्षानुवर्षं डूख धरतो, आणि इतरांनाही तो चेहरा शिकवतो. म्हणून खाऊ घालायचं उघड्या चेहऱ्याने आणि पकडायचं मुखवटा घालून, म्हणजे सगळा राग मुखवट्यावर जातो. डॉक्टरांनी मुखवटा चढवून पाऊल बाहेर टाकलं मात्र, कड्यावरून धोक्याची हाक सुरू झाली. दोन आखूड, एक लांब आणि खरखरीत. आत येऊन त्यांनी मुखवटा काढला, पुन्हा बाहेर गेले, तर सगळं शांत.

मुखवटा रबराचा आहे, एका साध्यासुध्या बाईच्या चेहऱ्याचा. हनुवटीवर बारीकशी खाच आहे. साच्यातला दोष असावा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काका सामान घेऊन आले. इथे मोबाइल चालत नाही. एकच फोन आहे, तो डॉक्टरांच्या खोलीत. दादाला फोन केला. भाऊ म्हणून त्याचा पहिला प्रश्न असा की तिथे मुलं आहेत का. म्हटलं, त्रेचाळीस आहेत, सगळी काळी आणि तुझ्यापेक्षा हुशार. फोन संपेपर्यंत ताई दारात उभ्या होत्या. दाराशेजारचं कपाट पुसत होत्या. कपाट स्वच्छ होतं.

माझ्या आधी इथे कोण होतं ते काकांना विचारलं. एक बाई होत्या म्हणे, तारांचंच काम करायच्या. कधी गेल्या ते काकांना माहीत नाही, कारण त्यांच्या गाडीतून गेल्याच नाहीत. इथून निघताना कुणी साधा निरोपही घेत नाही, मोठी माणसं तुम्ही, असा टोमणा मारून ते निघून गेले.

वापरातला रस्ता एकच आहे. सर्वात जवळचं गाव चोवीस किलोमीटरवर.

संध्याकाळी ताईंना सहज विचारलं. त्या बाई डॉक्टरांशी भांडून सकाळी सकाळी पायी निघून गेल्या, असं त्यांनी सांगितलं. आमटी वाढता वाढता डॉक्टर म्हणाले की तिला शहरातून न्यायला कुणी आलं होतं. मग दोघंही माझ्या ताटात आणखी वाढायला लागले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जुना मुखवटा कानाशी फाटलाय, नवा करायचाय. माझ्या चेहऱ्याचा साचा घेऊ का, असं डॉक्टरांनी विचारलं. पुढे त्यात फेरफार करून कुणाचाच नसलेला चेहरा बनवणार, असं म्हणाले. कारण पटण्यासारखं होतं. मी हो म्हटलं.

प्लास्टर ताईंनी लावलं. नाकात दोन नळ्या, डोळे बंद, पंचवीस मिनिटं हलायचं नाही. त्या सगळा वेळ माझा हात धरून बसल्या आणि कशी गुणाची आहेस, म्हणत राहिल्या. मध्येच त्यांनी डॉक्टरांना विचारलं की या वेळी भुवया नीट येतील ना.

या वेळी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस बाहेर पडलेले नाही. पक्ष्यांनी सध्या मला बघायला नको, मोजणीत गोंधळ होतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. खाऊही तेच घालतात. कसली मोजणी ते विचारलं तर म्हणाले, सावकाश सांगेन.

यंत्रात मात्र गोंधळ नाही. मंगळवारी दुपारी ३.४० ते ४.२०, बुधवारी ३.३५ ते ४.३०, सलग धोक्याची हाक. बुधवारी शेवटी एका पक्ष्याचं ओरडणं आहे, मग काहीच नाही. केंद्राच्या वहीत दोन्ही दिवशी "पकड नाही" असं लिहिलंय.

दोन्ही दुपारी ताईंनी मला चहा करून दिला होता आणि दोन्ही दुपारी मला गाढ झोप लागली होती. मी दुपारची झोपत नाही.

आजचा चहा मोरीत ओतला. काकांची गाडी आज आलीच नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ते दोघं जेवत असताना मागच्या दाराने बाहेर गेले. तोंड उघडं, हातात मांसाचे तुकडे, रोजची जागा.

आधी सतरा. मग सगळे. दोन आखूड, एक लांब. एकोणतीस पक्षी मोजले आणि मग मोजणं सोडलं. हातातले तुकडे खाली टाकले, तर एकही जण खाली उतरला नाही. बारा नंबर अगदी खालच्या फांदीवर येऊन माझ्या डोळ्यांत बघत ओरडत होता.

मी यांना कधी काही केलेलं नाही. त्यांनी तसं पाहिलेलं मात्र आहे.

डोमकावळ्याची यात चूक नाही. जे पाहिलं तेच तो सांगतोय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चार नंबरच्या मायक्रोफोनची तार डॉक्टरांच्या खोलीतून येते, ती सुटलीय असं ताईंना सांगून तिथे गेले. ते कड्यावर होते. तार खरंच सोडून ठेवली होती, कारण ते तपासतात.

लाकडी फळीमागे तार ओढताना एक ओळखपत्र खाली पडलं. माझ्या आधीच्या बाईंचं. फोटोत हनुवटीवर बारीकशी खाच.

तो साच्यातला दोष नव्हता.

मग कपाट उघडलं. आत पाच खुंट्या, खाली आकडे. चार खुंट्यांवर चार चेहरे. दोन पुरुष, दोन बायका. पाचवी खुंटी रिकामी. त्याच वेळी कड्यावरून धोक्याची हाक ऐकू येत होती.

टेबलावर तक्ता होता. जसा आठवतो तसा लिहिते. चेहरा १, अकरा वर्षं, राग कायम, पिल्लांतही. चेहरा ४, दोन वर्षं, राग कायम. शेवटचा रकाना: "मूळ व्यक्ती पक्ष्यांना शेवटची दिसली." प्रत्येकापुढे तारीख. खाली टीप, की मूळ व्यक्ती पुन्हा दिसल्यास निष्कर्ष निकामी होतो, तरी तशी शक्यता शिल्लक ठेवू नये.

चेहरा ५ समोर तारीख आधीच लिहिली आहे. २६ नोव्हेंबर. पेन्सिलने.

शनिवारचा ओरडा त्यांनी ऐकला असेल, पण तो माझ्यामुळे होता हे त्यांना माहीत नसावं. माहीत असतं तर तारीख अलीकडे आली असती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

फोन बंद. तार भिंतीजवळ कापलीय, स्वच्छ, पकडीने. उंदरांनी कुरतडली असं ताई म्हणाल्या. उंदराचे दात असे चालत नाहीत. मी मान डोलावली.

काका या गुरुवारीही येणार नाहीत म्हणे. त्यांना निरोप गेलाय. कसा गेला ते विचारलं नाही.

ताईंनी माझ्या केसांना तेल लावून देऊ का विचारलं. डॉक्टर बहिणीकडे बघून हसले. त्यात वाईट असं काही नव्हतं, घरातलं साधं हसणं. त्याचीच जास्त भीती वाटली.

अंधारात खाण उतरता येणार नाही, उद्या सकाळी निघायचं. पाणी, त्या बाईंचं ओळखपत्र, ही वही. खाणीच्या आतून जुना ट्रकचा रस्ता आहे, तो मोठ्या रस्त्याला मिळतो. खालून गेलं तर बंगल्यातून दिसत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

९.१० — खाणीत उतरले. पोटात काही नाही, दिलेलं सगळं ओतून टाकलं. खोलीला आतून कडी, खिडकीतून बाहेर.

९.२५ — पक्ष्यांनी पाहिलं. दोन आखूड एक लांब. सगळा कडा ओरडतोय. मी जिथे जाते तिथे वरून उडत येतायत. बंगल्यातून मी दिसत नाही, पण मी नेमकी कुठे आहे ते आता —

९.४० — चेहरा झाकला. ओढणी, फक्त डोळे उघडे. दहा मिनिटांत शांत झाले. चालतेय.

१०.०५ — काटाघराच्या खोलीत. इथे पूर्वी ट्रक तोलायचे. रस्ता दरड पडून बंद. वर चढायला हवं, उघड्यावरून. थोडा श्वास घेते.

१०.१५ — बारा नंबर खिडकीत बसलाय. एकटा. मान तिरपी करून बघतोय. ओढणीकडे नाही, डोळ्यांकडे. मग हातांकडे, मग वहीकडे. ओरडत नाही. विचार करतोय. एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघतेय. किती सुंदर आहे. नको, बाबा. नको —

१०.१६ — ओरडला.

१०.२० — सगळे छपरावर. पत्र्यावर नखं.

१०.२८ — वरच्या वाटेने कुणीतरी येतंय. सावकाश. ताईंचा करडा स्वेटर. हातात तेलाची वाटी असावी तसा धरलेला हात. वर चेहरा माझा आहे. भुवया नीट आल्यात.

पक्षी गोंधळलेत. एकदा तिच्यावर ओरडतात, एकदा माझ्यावर. दोघींत फरक —

ओढणी काढली. दारात उभी राहणार. दोघी एकदम दिसू देत. बारा नंबर मधोमध आहे. तो हिशेब करू शकतो, मी पाहिलंय. त्याला कळलं की एक चेहरा खोटा, तर तक्ता गेला, पाचही चेहरे गेले, मग मला मारून त्यांना काही —

डॉक्टर मागून. दाराची कडी बाहेरून —

खिडकी आहे. बारा, इकडे बघ. इकडे. मी ती नाही, नीट बघ, हे डोळे —