चालकाशी बोलू नये

ता. २ मे
ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. पोचल्याचं धाकट्याच्या बायकोने कळवलं. पहिलाच परदेश, तेव्हा मोजे रोज बदल आणि चार माणसं दिसली की भाषण ठोकू नकोस. बारा वर्षांपूर्वी धाकटा तिकडे निघाला तेव्हा भर सभेत त्याला पळपुटा म्हणालास, वर टाळ्या घेतल्यास. तेव्हापासून तो तुझ्याशी बोललेला नाही. महिनाभर आहेस, त्यात माफी माग. दोन शब्द पुरेत. प्रस्तावना नको.
लोभ आहे म्हणून बोलते. तो आटू देऊ नकोस.
तुझी चिमी

ता. ११ मे
चि. चिमीस,
अध्यक्षांच्या परवानगीशिवाय आशीर्वाद! इथे एक नवल पाहिलं. मी फुटपाथवरून नुसता पाय खाली ठेवला, तर चार मोटारी थांबल्या. तीस वर्षं मोर्चे काढले, साधी सायकल कधी थांबली नाही! खात्री करायला पाचदा रस्ता ओलांडला. पाचव्यांदा एका बाईंनी काच खाली करून काहीतरी विचारलं. मी नमस्कार केला.

माफीचं म्हणशील तर घरी धाकटा ‘मीठ हवं का’ एवढंच विचारतो, तेही बायकोमार्फत. म्हणून रोज सकाळी तो चालवतो त्या बसमध्ये त्याच्या मागच्याच बाकावर बसतो. सव्वा तासाचं भाषण मनात तयार आहे. पण समोर पाटी: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. कायद्याचं राज्य हवं म्हणून जन्मभर घसा फोडला, आता कोणत्या तोंडाने मोडू? शेवटच्या थांब्यावर गाडी दहा मिनिटं उभी असते. तिथे मात्र, चिमे, हजारोंपुढे न डगमगणारी ही जीभ टाळूला चिकटते.
माया असू दे. हसू नकोस.
दादा

ता. २६ मे
ती. ताईस,
शि. सा. न. दादा पंधरा दिवस माझ्या बसमध्ये तोंड मिटून बसला. नेहमीचे उतारू त्याला मुका समजतात. एक आजी रोज त्याला पेपरमिंटची गोळी देतात. काल शेवटच्या थांब्यावर तो उठला, खाकरला, उजवा हात वर केला. म्हटलं, आलं भाषण! पण हात तसाच राहिला, डोळे भरले, आणि तो मटकन खाली बसला. मी थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याच्यापुढे धरला आणि म्हणालो, दादा, पोचलं सगळं.

परतताना तो पुन्हा पाटीकडे बघत गप्प. पण चालकाने बोलू नये असं पाटीवर कुठे आहे? बारा वर्षांचं साठलेलं रस्ताभर मीच बोललो. उतरताना आजींनी एक गोळी माझ्याही हातावर ठेवली. बहुधा मी गप्प बसावं म्हणून.
दोघांवरही आहे तशीच माया ठेव.
तुझा धाकटा