फरशीवर फरशी, हप्त्यावर हप्ता

३ मार्च
आजपासून मी इन्व्हेस्टर. दुसऱ्या मजल्यावरच्या वन-रूम-किचनची चावी हातात आली. मोफत सेमिनारमधल्या सरांनी सांगितलंच होतं: घर घ्यायचं बँकेच्या पैशाने, हप्ता भरायचा भाडेकरूने, आपण फक्त सही करायची. सही केली. डाउन पेमेंटसाठी राहतं घर तारण ठेवलंय, ते बायकोला योग्य वेळ बघून सांगेन. आज वेळ योग्य नव्हती. तिच्या हातात सुरी होती.

५ मार्च
बाजारभावाने मिळणारं भाडं हप्त्याच्या निम्मंसुद्धा नाही. घाबरायचं कारण नाही, सुरुवातीला सगळ्यांचं असंच असतं. उपाय: फ्लॅट चकाचक करून भाडं दुप्पट मागणे. स्टीलचा नवा दरवाजा बसवला, हप्त्यावर. हा हप्ता किरकोळ आहे. त्याला मी हप्ता मानत नाही.

९ मार्च
फरशीवाला जुनी फरशी उखडायचे वेगळे पैसे मागतो. मला हसू आलं. उखडायची कशाला? जुनीवरच नवी. बसवायला मी आहे ना! व्हिडिओ दोनदा पाहिला, त्यात एकदा फास्ट. समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, दाराखाली किती जागा आहे ते बघितलंत का. लोकांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

११ मार्च
काम फत्ते! धूळ जिन्यात जाऊ नये म्हणून दार आतून लावून घेतलं आणि खिडकीपासून सुरू केलं ते थेट दारापर्यंत. एकही टाइल वाकडी नाही. दोन आहेत, पण तिथे भाडेकरूचं कपाट येईल. छिन्नी-हातोडा भाड्याचा होता. उद्याचं भाडं वाचावं म्हणून खिडकीच्या गजांतून दोरीने खाली सोडला, दुकानदाराचा माणूस घेऊन गेला. खर्चावर नियंत्रण म्हणतात ते हे.

तासाभराने: दार आतल्या बाजूला उघडतं. म्हणजे फरशी चढेपर्यंत उघडायचं.

१२ मार्च
बायको आणि मुलगी येऊन बाहेरून ढकलून गेल्या. ही म्हणाली, वेल्डरला बोलावून दार कापूया. मी आतून ठाम नकार दिला. दाराचे सगळे हप्ते जायचेत, शिवाय वॉरंटी जाईल. मग म्हणाली, फरशी तरी फोडा. फोडली तर भाडं कसलं मागू? डबा दोरीने वर आला. जेवल्यावर शांतपणे विचार केला. फ्लॅट एक दिवसही रिकामा राहिलेला नाही. सुरुवात उत्तम आहे.

१४ मार्च
भाडेकरू आले. नवराबायको. मी दारामागून फ्लॅटचं वर्णन केलं. हवा, उजेड, शांतता. त्यांनी विचारलं, आत कसं यायचं. म्हटलं, सिक्युरिटी हाच तर प्लस पॉइंट. विचार करून कळवतो म्हणाले. आवाजावरून इंटरेस्टेड वाटले.

१८ मार्च
मीटरचं डिपॉझिट वाचवण्यासाठी वीज अजून घेतलेली नाही. त्यामुळे फोन मेला. त्यामुळे बँकेच्या माणसाने घरी फोन लावला. त्यामुळे तारणाचं हिला कळलं. मी सांगणारच होतो.

ही दाराबाहेर आली. म्हणाली, पोरीला कुठे झोपवणार होतात, फुटपाथवर? फार वाईट वाटलं. दार उघडलं असतं तर पाय धरले असते. उघडत नाही ते एका परीने बरंच आहे.

डबा आला नाही.

२० मार्च
हिने गिऱ्हाईक आणलं. समोरचे डॉक्टरच. त्यांना पेशंट बसवायला खोली हवी आहे. दोन्ही कर्जं फिटतील, राहतं घर सुटेल, वर थोडेफार उरतील. मी म्हणालो, मार्केट चढेपर्यंत थांबू. ही म्हणाली, थांबा की, तोवर डबाही थांबेल.

दुपारपर्यंत होल्ड केलं. मग कागद पिशवीतून वर आले, सह्या करून खाली सोडले. सेमिनारमध्ये याला एक्झिट म्हणायचे. एक्झिट झाली. मी आतच आहे.

२१ मार्च
डॉक्टर आणि ही दाराबाहेर बोलत होते. मी कान लावून उभा. डॉक्टरांनी विचारलं, वेल्डरचा खर्च कोणाकडे. ही म्हणाली, फ्लॅट आहे त्या स्थितीत विकलाय, आतल्या सगळ्या वस्तूंसकट. डॉक्टरांनी चाचरत विचारलं, त्यात हेही धरायचे का. ही म्हणाली, धरा.

डॉक्टरांनी दारावर टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, तसं असेल तर किंमत थोडी कमी करावी लागेल.

जन्मात कधी घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी न घेतलेली ही, लगेच हो म्हणाली.